रिव्ह्यूला उत्तर: सात वर्षांचा अनुभव असलेल्या हायड्रा (चाकांवरची क्रेन) ऑपरेटरला नापास का केलं

नमस्कार. तुमचे भाऊ सात वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात हायड्रा चालवतात, हेवी लायसन्स आहे, तरी आमच्या क्रेन प्रशिक्षण वर्गात आम्ही त्यांना प्रॅक्टिकलला नापास केलं, वर फेरपरीक्षेची फी घेतली आणि 'बाकीचे एका दिवसात सर्टिफिकेट देतात', असं तुम्ही लिहिलंय. फीबद्दल तुमचं बरोबर आहे. ती प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवी होती, सांगितली गेली नाही. पैसे परत करतो. निकाल मात्र बदलणार नाही. त्यातले मुद्दे तुम्हीच इथे मांडलेत, म्हणून उत्तरही इथेच देतो.

लायसन्सचं आधी. आरटीओचं लायसन्स गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी असतं. हूकला वजन लावून उचलून दाखवा, असं तिथे कुणी सांगत नाही. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा 1948 च्या कलम 29 प्रमाणे क्रेन, साखळ्या, दोर 12 महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यावे लागत, पण ती तपासणी यंत्राची. सीटवरच्या माणसाला लोड चार्ट (किती अंतरावर किती वजन उचलता येतं, त्याचा तक्ता) वाचता येतो का, हे त्यातून कळत नाही. आमची प्रॅक्टिकल नेमकी तेवढ्यासाठीच आहे.

'वजन 2 टन बरोबर सांगितलं तरी चूक धरली.' हूक ब्लॉक (हूक आणि त्याची पुली), स्लिंग (माल बांधायचा दोर किंवा पट्टा), शॅकल (जोडकडी) यांचं वजन त्यात धरलं नव्हतं. केबिनवर लिहिलेले 14 टन हे बूम (क्रेनचा लांब हात) पूर्ण आत आणि रेडियस (क्रेनपासून मालापर्यंतचं आडवं अंतर) सगळ्यात कमी असतानाचे. क्रेन उलटवणारा जोर वजन गुणिले अंतर असा धरला, तर तेच 2 टन 3 मीटरवर 6 टन-मीटर होतात, 5 मीटरवर 10. शिवाय चार्ट धरतो सपाट, टणक जमीन. चाकणकडे पावसाळ्यात वर मुरूम दिसतो, खाली काळी माती असते. एका बाजूचं चाक थोडं दबलं तरी बूमचं टोक बाजूला सरकतं. त्यात हायड्रा कमरेत वळलेली असेल, तर तोल आणखी कमी.

'मागचं चाक हलकं झालं की अनुभवी माणसाला कळतंच.' हे वाक्य प्रत्येक बॅचला ऐकू येतं आणि सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. चार्टच्या एका भागात मर्यादा क्रेनच्या तोलाने ठरते, दुसऱ्या भागात बूम आणि दोराच्या ताकदीने. रेडियस कमी, बूम उभा, वजन जास्त, अशा वेळी चाक हलकं होण्याआधीच लोखंड किंवा दोर हार मानू शकतो. तिथे सीटला काहीच जाणवत नाही. आणि चाक हलकं झालंच, तर तोवर हाताशी अंतर उरलेलं नसतं.

'बूम जरा बाहेर काढला, एवढंच.' बूम बाहेर काढताना दोर सोडला नाही, तर हूक आपोआप वर चढतो. हूक ब्लॉक बूमच्या टोकाला धडकला की दोर तुटतो आणि खाली माल. हे थांबवायला लिमिट स्विच असतो. तो तारेने बांधून ठेवलेल्या क्रेन साइटवर सर्रास दिसतात, 'सारखा कट मारतो' म्हणून. परीक्षेच्या क्रेनवर तो चालू होता, म्हणून नुसता बझर वाजला.

स्लिंगचा कोन मात्र आमच्या वर्गात कमी वेळात उरकला जातो, ही तुमची तक्रार मान्य. दोन पायांच्या स्लिंगवर 3 टन टांगले, तर जमिनीशी 60 अंशाला प्रत्येक पायावर सुमारे 1.73 टन येतात, 45 ला 2.12, आणि 30 ला पूर्ण 3. पुढच्या बॅचपासून हे कागदावर न ठेवता लोड सेल (ताण मोजणारं उपकरण) लावून दाखवू.

एका दिवसाच्या सर्टिफिकेटबद्दल इतकंच, की एका दिवसात वीस जणांना प्रत्येकी पुरेसा वेळ सीटवर बसवता येत नाही.

फेरपरीक्षा येत्या कोणत्याही रविवारी, विनाशुल्क. भावांनी त्यांच्या रोजच्या क्रेनचा लोड चार्ट घेऊन यावं. केबिनमधला पुसला गेला असेल, तर मॉडेल आणि सीरियल नंबर कळवा, कंपनीकडून मागवून ठेवतो. सकाळी दोन तास त्याच चार्टवर सराव, मग परीक्षा.