हत्ती की शेकरू

आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळानं यंदा चित्रकला स्पर्धेला बक्षीस म्हणून सामान्यज्ञानाची पुस्तकं द्यायची ठरवली आणि ती तपासायचं काम माझ्या गळ्यात मारलं. मी रोज संध्याकाळी वाचनालयात जातो, एवढाच माझा गुन्हा. तिथला पंखा आमच्या घरच्यापेक्षा जोरात फिरतो, हे मंडळाला माहीत नाही.

"काका, तुम्ही वाचणारं माणूस. पोरांना चालतात काय तेवढं बघून द्या की," असं म्हणून अध्यक्षानं सहा पुस्तकांची पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि वर्गणीला निघून गेला.

पहिल्याच्या मुखपृष्ठावर रॉकेट आणि 'सुधारित आवृत्ती'. आत मात्र प्लूटो नववा ग्रह म्हणून ठाण मांडून बसलेला. 2006 मध्ये त्याची उचलबांगडी झाली, हे प्रकाशकाला कुणी कळवलंच नसावं. पुढच्या पानावर भारतातली राज्यं 28. म्हटलं, वा, बरोबर! मग यादी वाचली. तेलंगणाचा पत्ता नाही आणि जम्मू-काश्मीर राज्य म्हणून हजर. म्हणजे पुस्तक 2014 च्या आधीचं. तेलंगणा झालं तेव्हा ते चुकलं, आणि 2019 मध्ये जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यावर जागचं न हलता पुन्हा बरोबर झालं. असा योग आमच्या नोकरीत कधी आला नाही.

तिसऱ्यात 'भारताची राष्ट्रभाषा : हिंदी'. राज्यघटनेत राष्ट्रभाषा कुठेच नाही. 343 वं कलम हिंदीला संघाची राजभाषा म्हणतं. पण बेळगावात भाषेचा विषय कट्ट्यावर मोठ्यानं काढायचा नसतो, चहा गार होतो. मी गुपचूप पेन्सिलीनं फुली मारली.

एका प्रश्नावर मात्र सहाही पुस्तकांचं एकमत. गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन? बेळगाव, 1924. त्या अधिवेशनासाठी खणलेली काँग्रेस विहीर टिळकवाडीत अजून आहे. तिथून रोज जात असल्यामुळे मला उगाचच वाटलं, उत्तरात आपलाही थोडा हात आहे.

खरी गोची झाली ती 'आपले राज्य' या धड्यावर. सगळी पुस्तकं महाराष्ट्रात छापलेली. आपला राज्यप्राणी शेकरू, पक्षी हरियाल, झाड आंबा. बहिणीचा मुलगा शेजारी बसून वाचत होता. त्याच्या शाळेच्या पुस्तकात आपला राज्यप्राणी हत्ती, पक्षी नीलपंख, झाड चंदन.

"मामा, आपला कुठला ओ? हत्ती का शेकरू?"

आता या पोराला काय सांगायचं? खानापूरच्या पुढं, भीमगडच्या रानात शेकरू या झाडावरून त्या झाडावर उड्या मारतं. सरकारी हिशोबानं आपण कुणाचं प्राणी आहोत हे त्याला कुणी विचारलेलं नाही. आणि हत्ती मध्येच दांडेलीच्या बाजूनं येऊन सीमा ओलांडतो, चंदगडातला ऊस खाऊन येतो. त्यालाही कुणी अडवून पत्ता विचारत नाही.

"पेपर कुणाचा हाय बघून लिही," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली. त्याला ते लगेच पटलं, याचंच मला जरा वाईट वाटलं.

रात्री अध्यक्षाला हिशोब दिला : तीन पुस्तकं शिळी, दोन अर्धी, एक बरं पण त्यात 'बेळगाव' नि 'बेळगावी' एकाच पानावर, दोन वेगळी गावं असल्यासारखी. तो डोकं खाजवत म्हणाला, "ऱ्हाऊ दे काका, भानगड नको."

शेवटी मंडळानं कंपासपेट्या वाटायचं ठरवलं. झाकणाच्या आत पाढे छापलेले होते. पेट्या वाटायच्या आधी अध्यक्षानं एक माझ्याकडे पाठवली, 'पोरांना चालते काय बघा' म्हणून. बारापर्यंत ठीक आहेत. तेराचा बघतोय.