‘छोटे पार्ट मोजतच नाही’ या रिव्ह्यूवर आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, सकाळी परत वाचला, आणि तुम्ही लिहिलेत तेच पार्ट ड्रॉवरमधून काढून आमच्या टेस्टर किटला (लावलेला पार्ट ओळखून त्याची किंमत दाखवणाऱ्या मीटरला) लावून बघितले, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुमच्या तक्रारी तीन आहेत. १० पिकोफॅरडचा सिरॅमिक लावला की ‘अननोन ऑर डॅमेज्ड पार्ट’ (ओळखता न आलेला किंवा खराब पार्ट) येतं, ४.७ मायक्रोहेन्रीची कॉईल नुसता रेझिस्टर म्हणून दाखवतो, आणि बोर्डावरून काढलेला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर रात्री १०४ तर सकाळी ९८ दाखवतो.

पहिल्या दोन तक्रारी शंभर टक्के खऱ्या आहेत, माझ्याकडेही तेच आलं. किटच्या माहितीत मी ‘सगळे पार्ट मोजतो’ असं लिहिलं होतं, ते लिहायलाच नको होतं, त्याबद्दल मनापासून सॉरी. आता तिथे स्पष्ट टाकलंय की साधारण ३० पिकोच्या खालचे कपॅसिटर आणि १० मायक्रोहेन्रीच्या खालच्या कॉईल यावर मोजता येतील असं धरू नका.

असं का होतं तेही सांगतो. हे मीटर म्हणजे एक मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम भरलेली छोटी चिप) आणि ६८० ओहम, ४७० किलोओहमचे रेझिस्टर, बस. पार्टमधून करंट सोडायचा आणि किती वेळात किती व्होल्टेज झालं ते मोजायचं. आता तुमच्या कॉईलमधला करंट, पिनचा आतला वीसेक ओहमच फक्त आडवा आला तरी, काही शे नॅनोसेकंदांत वाढून मोकळा होतो, आणि १६ मेगाहर्ट्झला चिपच्या घड्याळाचा एक टिकच ६२.५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे मोजक्याच टिकांत खेळ संपला, उरतो तो तारेचा रेझिस्टन्स, तोच स्क्रीनवर दिसतो. कपॅसिटरचं दुखणं वेगळं, तिथे चिपच्या पिना, ट्रॅक आणि वायर यांचेच मिळून तीस-चाळीस पिको असतात, त्यात तुमचे १० हरवतात. दोन क्लिपा जवळ आणल्या तरी आकडा हलतो, स्वतः करून बघा.

यावर एक उपाय आहे, मी रोज वापरतो. आधी १०० पिकोचा एक चांगला कपॅसिटर एकटा मोजा, मग वायर न हलवता १० चा त्याच्या पॅरलल लावा आणि वजाबाकी करा. काल माझ्याकडे १०१ चे १११ झाले. त्याआधी सेल्फ टेस्ट (मीटरने स्वतःलाच तपासून शून्य जुळवणं) मात्र करा, तिन्ही प्रोब शॉर्ट करून, स्क्रीनवर सांगेल तेव्हा सोडून, आणि ज्या वायरने मोजणार तीच लावलेली असताना. चिमटा नंतर जोडला तर ती कॅलिब्रेशन फुकट गेली.

कॉईलसाठी मात्र आमचं काहीच विकत घेऊ नका. एलएम३११ या कम्पॅरेटर चिपवर घरी बनतो तो एलसी मीटर (कॉईल-कपॅसिटरच्या जोडीची फ्रिक्वेन्सी मोजून किंमत काढणारा) करा, १०० मायक्रोहेन्री आणि १००० पिको घेतले की तो ५०३ किलोहर्ट्झच्या आसपास चालतो, तुमची ४.७ ची कॉईल सिरीजमध्ये टाकली की ४९२ वर येतो. ११ किलोहर्ट्झचा फरक कुठलाही साधा फ्रिक्वेन्सी काऊंटर पकडतो. १० पिको पॅरलल लावले तरी अडीच किलोहर्ट्झ उतरतो.

तिसऱ्या तक्रारीत मात्र मला मीटरची बाजू घ्यावीच लागेल. १०० नॅनोचे ते पिवळट-तपकिरी सिरॅमिक बहुतेक एक्स७आर जातीचे असतात, सोल्डरिंगच्या उष्णतेने १२५ डिग्रीच्या वर गेले की त्यांची कपॅसिटी वाढते आणि पुढे तासातासाने हळूहळू उतरत जाते, आधी पटापट, मग सावकाश. तुम्ही रात्री काढला, लगेच मोजला, सकाळी परत मोजला, म्हणजे मीटरने खरंच बदललेला पार्ट बदललेला दाखवला. खात्री करायची तर पॉलीप्रॉपिलीन फिल्मचा एखादा कपॅसिटर रात्री आणि सकाळी लावा. तोही इतकाच हलला तर मीटर खराब आहे असं मी लगेच मान्य करेन आणि दुसरं पाठवेन.

एवढं करूनही तुमचं काम मुख्यतः रेडिओचे छोटे पार्ट मोजायचंच असेल तर हे किट तुमच्यासाठी नाहीच, परत पाठवा, पूर्ण पैसे देतो आणि पाठवायचा खर्चही आमच्याकडे. ठेवणार असाल तर सेल्फ टेस्ट झाल्यावरच्या स्क्रीनचा फोटो ऑर्डरच्या मेसेजमध्ये टाका, तुमच्या पिनांचे शून्याचे आकडे (पार्ट न लावता दिसणारे) किती येतात ते मला बघायचेत.