मशीनने दात हलत नाहीत, काका

‘दात मशीनने साफ करू नका. हिरड्या सैल होतात, फटी पडतात, इनॅमल निघून जातं. एकदा केलं की दर सहा महिन्यांनी करावंच लागतं. त्यापेक्षा मीठ-कोळशाने घासा. पुढे पाठवा.’ गेल्या आठवड्यात हे मला तीन ग्रुपांवर आलं. त्यातला एक आमच्या भाऊबंदांचा, आणि मी परळला दातांचा दवाखाना चालवते! म्हणून हा उपद्व्याप.

आधी फटींचं बघू. लालबागचे एक काका आले होते. खालच्या पुढच्या दातांच्या मागे कीटणाची सलग भिंत. तिथेच बहुतेकांना साठतं, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं जिभेखाली तिथेच उघडतात आणि लाळेतल्या कॅल्शियम-फॉस्फेटने दातांवरचा थर दगड होतो. मी तो काढला. काकांनी चूळ भरली, जीभ फिरवली आणि त्यांचा चेहराच उतरला. “डॉक्टरबाई, भगदाड पाडलंत की!” मी ट्रे पुढे केला. त्यात चणाडाळीएवढे पिवळट-काळे तुकडे. भगदाड आधीच होतं, हे त्यात बसले होते. दोन दात हलतही होते. एक्स-रेत दिसलं, खालचं हाड निम्मं झिजलेलं, दात नुसते कीटणाने एकमेकांना धरून होते. जुन्या इमारतीचा पोपडा काढला की गंजलेली सळई दिसते. ती काय पोपडा काढणाऱ्याने गंजवली? शिवाय सुजलेली हिरडी बरी झाली की आक्रसते, म्हणून दात लांब दिसायला लागतात.

इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच? ही मशीन ड्रिलसारखी फिरत नाही. टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं आणि ते तापू नये म्हणून पाणी उडतं. टोक आडवं टेकवायचं असतं. कुणी ते उभं खुपसलं तर दाताच्या मुळावर ओरखडे उठतात, हे खरं. पण तो हाताचा दोष. नंतर काही दिवस दातांना थंड झोंबतं, कारण झाकलेलं मूळ उघडं पडलेलं असतं.

मिठा-कोळशाबद्दल काय बोलू! रोज खरखरीत पूड घेऊन आडवं घासणारे आणि मशेरी लावणारे, यांच्या हिरड्या किती खाली गेल्यात ते माझ्या खुर्चीतून बघा.

‘रक्त येतं म्हणून साफ करू नका’ असंही कुणी जोडलं होतं. उलटं आहे, साफ न केल्यानेच हिरड्या सुजतात आणि रक्त येतं. 1965 साली डेन्मार्कमध्ये 12 निरोगी माणसांनी दात घासणं थांबवलं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, पुन्हा घासायला लागल्यावर बऱ्या झाल्या.

राहिलं दर सहा महिन्यांचं. इथे मी फॉरवर्डवाल्याला अर्धे गुण देते, आमच्यातल्या काहींना आवडणार नाही तरी. कॉक्रेन ही संस्था एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासते; तिच्या 2018 च्या आढाव्यात दिसलं की ज्यांना हिरड्यांचा गंभीर आजार नाही आणि जे नियमित तपासून घेतात, त्यांना ठरावीक काळाने केलेल्या सफाईने दोन-तीन वर्षांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे सगळ्यांना एकच वेळापत्रक नको. मधुमेह, तंबाखू किंवा हिरड्यांत खोल खाचा असतील तर मात्र लवकर यायला हवं. मशीनची सवय वगैरे काही लागत नाही, कीटण आपोआप साठतं.

आणि पैशांची अडचण असेल तर मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सरकारी आहे. सकाळी लवकर जा, रांग असते.