जुन्या मशीनचा कोल्हापुरी उद्धार

नव्वदच्या दशकात ज्यांनी दळणाच्या पैशातले सुट्टे व्हिडिओ गेमच्या दुकानात उडवले, त्यांचे आता बरे दिवस आलेत. घराचे हप्ते फिटत आलेत, पोट सुटलंय, आणि कुठल्या तरी बंद शटरच्या आत तसलंच उभं मशीन धूळ खात पडलंय अशी खबर लागलीय. तुम्हीही त्यातलेच असाल तर भावा, आता माघार नाही. मशीन घरी आणायचं आणि पहिल्यासारखं करायचं. कसं, ते ऐका.

आणण्याआधी दाराची रुंदी मोजू नका. मोजणारी माणसं असली मशीन घेतच नाहीत. वजन शंभर किलोच्या आसपास, त्यात पिक्चर ट्यूबमुळं वरचा भाग जड. तालमीतली चार पोरं बोलवा, मिसळीचा वायदा करा, आणि जिन्याच्या वळणावर अडकलं की वरच्या पायरीवरनं "जरा तिरकं घ्या की" एवढं ओरडत राहा. घरातनं आवाज चढला तर "इन्व्हेस्टमेंट आहे" म्हणायचं. हे वाक्य प्लॉटच्या वेळी चाललं होतं, आताही चालेल.

आता खोका. प्लाय बुडाला फुगलेली असणार. पंचगंगा २०१९ ला गावात आली, २०२१ ला परत आली, आणि तिनं काय मशीन बघून वाट बदलली नाही. जाणकार म्हणतात, फुगलेला तेवढाच पट्टा कापून त्याच जाडीची प्लाय जोडावी, बाजूचं मूळ चित्र हलक्या हातानं पुसावं, रंग उडालाय तिथंच भरावा. महिनाभर चालणारं काम आहे, आणि झालं तरी पाहुण्यांना काही केलंय असं वाटत नाही. मग काय उपयोग? सुताराला बोलवा. तो मशीनकडं एकदा आणि तुमच्या टीव्ही युनिटकडं एकदा बघेल आणि सागवानी सनमायका सुचवेल. हो म्हणा. बाजूच्या चित्राची काळजी नको, आपल्या गावात फ्लेक्सला तोटा नाही. चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडं तुमचा गॉगल लावलेला फोटो वाढदिवसापासून पडूनच असेल. शेजारी स्ट्रीट फायटर गेममधला रिऊ उभा करायला सांगा, खाली 'शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार'.

खरा अडथळा पुढं आहे, तो म्हणजे पिक्चर ट्यूब. इथं एक वाक्य थट्टा सोडून: रंगीत ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या घरात दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो आत साठून राहू शकतो, तेव्हा माहीतगार सोबत नसेल तर मागचं झाकण उघडू नका. थट्टा परत सुरू. चित्र हलत असेल, कडेनं आक्रसलं असेल, तर बहुतेक वेळा ट्यूब मेलेली नसते. चेसिसवरचे, म्हणजे ट्यूब चालवणाऱ्या सर्किटवरचे, कंडेन्सर वाळलेले असतात. हे कंडेन्सर काही रुपयांत मिळतात. गंमत म्हणजे या मशीनमधला मॉनिटर आणि आपला जुना रंगीत टीव्ही आतनं जवळचे नातेवाईक. दोघंही सेकंदाला साधारण साडेपंधरा हजार आडव्या रेघा मारतात. म्हणजे ज्या माणसानं उभी हयात टीव्ही दुरुस्त केले, त्याला हे चेसिस दाखवलं की कुठला कंडेन्सर गेलाय, ट्यूबला दाब पुरवणारा ईएचटी ट्रान्सफॉर्मर तापतोय का, सोल्डर कुठं सुटलंय, हे तो वासावरनं सांगतो. असा माणूस लक्ष्मीपुरीच्या एखाद्या बोळात अजून सापडतो. आता मोबाईलची कव्हरं विकतो, पण सोल्डरिंग गन टाकलेली नाही.

त्याच्याकडं अजिबात जाऊ नका. तो दोन दिवसांत मशीन सुरू करून देईल, वर चहा पाजेल, आणि तुमच्याकडं सांगण्यासारखं काही उरणार नाही. त्यापेक्षा ट्यूब भंगारात घाला आणि एलसीडी बसवा. ४:३ चं चौकोनी चित्र १६:९ च्या रुंद पडद्यावर ताणायचं, म्हणजे पडद्याचा पैसा वसूल होतो. रिऊ तांबडा-पांढरा ओरपून आल्यासारखा दिसेल, पण तुम्ही तरी कुठं पहिल्यासारखे राहिलात?

ट्यूब गेल्यावर जुना बोर्ड, म्हणजे ज्यात गेम असतो ते सर्किट, ठेवण्यात अर्थ नाही. कॅपकॉम या गेम कंपनीच्या सीपीएस-२ जातीच्या बोर्डात एक बॅटरी असते. ती संपली की गेम उलगडणारी किल्लीच पुसली जाते आणि बोर्ड मुका होतो. नकली बोर्डात ही भानगड नसते, त्यामुळं खऱ्यानं मान टाकली तरी नकली चालतोच. हा अनुभव आपल्याला इतर क्षेत्रांतही आहे. तर तो काढा, ५६ पिनांची जुनी जोडणी पक्कडीनं कापा, आणि तीन हजार गेम भरलेला चिनी बोर्ड लावा. त्यातले तुम्ही दोनच खेळणार: १९९१ चा स्ट्रीट फायटर-२ आणि १९९३ चा मुस्तफा, म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स. ते दोन्ही जुन्या बोर्डांवर होते, पण त्याला आता इलाज नाही.

जॉयस्टिकसाठी उद्यमनगर गाठा. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा घडवला, तिथं एक दांडी वळून मिळणार नाही होय? मिळेल. लेथवाला फक्त एवढंच विचारेल, "किती नग?" एक म्हणालात तर तो चहाला निघून जाईल. शंभर सांगा. मायक्रोस्विच बदलून जुनीच दांडी चालली असती, असं कुणी म्हणालं तर त्याला उरलेल्या नव्व्याण्णवांतली एक भेट द्या.

राहिली नाण्याची फट. १९९२ पासूनचा रुपया २५ मिलिमीटरचा होता, २०११ पासूनचा २२ चा. त्यामुळं आजचा रुपया आत टाकला की मशीन तो खालनं परत देतं. लहानपणी आईचा गॅसचा लायटर पळवून ठिणगीवर फुकट गेम उडवणाऱ्यांनी आता जुना रुपया शोधत वणवण फिरावं, हा न्यायच आहे. पिशवीभर जमवा. दुकानदाराकडं मागताना कारण सांगू नका.

एवढं झालं की कुणाला खेळू देऊ नका, बटणं झिजतात. रील काढून झालं की वर्षभरात हॉलची जागा पाहुण्यांना लागेलच, तेव्हा विकायला काढा. जाहिरातीत बेधडक लिहा: 'नव्वदच्या दशकातलं, ओरिजिनल, हौसेनं जपलेलं.' आत ओरिजिनल काय आहे असं विचारणारा भेटला तर त्याला मागच्या दाराचं कुलूप दाखवा. चावी हरवल्यामुळं दार बिजागरीकडनं उचकटलं होतं, म्हणून ते तेवढं शाबूत आहे. गिऱ्हाईक सांगलीचं निघालं तर आकडा सांगताना लाजू नका, आणि रुपयांची पिशवी वेगळी विका.