शब्द ताटात वाढले जातात तेव्हा
नॉर्टन जस्टर यांची १९६१ सालची ‘द फँटम टोलबूथ’ ही मुलांसाठीची इंग्रजी कादंबरी शब्दखेळांमुळे मुलांच्या डोक्यावरून जाते, हे तिच्याविषयीच्या लेखात मांडलेले मत मला मुळीच पटले नाही. उत्तरार्धातील राक्षसांची रांग जरा लांबते, एवढे मान्य आहे. परंतु जे बोलावे तेच ताटात येते अशा मेजवानीत बाकीचे पाहुणे पदार्थांची नावे घेतात, कथानायक मायलो मात्र रीतसर भाषण सुरू करतो आणि त्याच्या ताटात ते भाषणच वाढले जाते, हा प्रसंग मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला वाचून दाखवला, तेव्हा ती पोट धरून हसली. ‘शब्द गिळणे’ म्हणजे काय, हे तिला वेगळे समजावून सांगावे लागले नाही. अंगात घड्याळ असलेला टॉक नावाचा कुत्रा नावाप्रमाणे ‘टॉक’ न करता प्रत्यक्षात ‘टिक टिक’ असाच आवाज करतो, ही गंमत तर तिने माझ्याआधी हेरली.