दहा सेकंदांचा थाट

आमच्या घरच्या लॅपटॉपवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदतात. उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक अवतार, माझं, विंडोज बायकोच्या ऑफिसच्या कामाचं. बटण दाबलं की आधी येतो ग्रबचा, म्हणजे दोघांपैकी कोणाला उठवायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू: काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि खाली दहापासून उलटे मोजले जाणारे सेकंद. आई ते बघून दर वेळी म्हणते, "बंद पडलं वाटतं." बायको काही म्हणत नाही, पण चार लोक घरी असले की लॅपटॉपचं तोंड भिंतीकडे करून सुरू करते. म्हटलं, याला जरा माणसात आणू.

यात एक गोम आहे. वॉलपेपर बदलताना काही हुकलं तर फार तर वॉलपेपर दिसत नाही. इथे हुकलं तर मशीनच उठत नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ एवढं लिहून हटून बसतं. कोणी कोणाला वाचवायचं, ते सांगत नाही. म्हणून आधी पेनड्राइव्हवर लाइव्ह उबुंटू, म्हणजे थेट तिथूनच चालणारं उबुंटू, घेतलं आणि त्यावरून मशीन खरंच सुरू होतं का ते पाहिलं. जुन्या फायलींच्या प्रती काढल्या. बायकोच्या फायलींच्या दोन. संसार चालवायचाय.

ग्रबचा मेनू ज्यात लिहिलेला असतो त्या ग्रब.सीएफजी या फाइलच्या डोक्यावरच इंग्रजीत लिहिलेलं असतं की ही फाइल बदलू नका. जिन्यात ‘येथे थुंकू नये’ लिहिलं की नेमकी तीच जागा ठरते, तसे इंटरनेटवरचे हौशी सल्लागार हमखास याच फाइलकडे बोट दाखवतात. खरा मार्ग वेगळा. /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये बदल करायचे आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यायची, की ग्रब.सीएफजी नव्याने लिहिली जाते. तिच्यात हाताने केलेली नक्षी कर्नलच्या, म्हणजे उबुंटूच्या गाभ्याच्या, पुढच्या अपडेटबरोबर पुसली जाते ती याचमुळे.

पार्श्वभूमीला मी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा निवडला. मित्राने काढलेला, ढगांनी भरलेला, अप्रतिम फोटो. ग्रबने ढुंकूनही पाहिलं नाही. फोटो प्रोग्रेसिव्ह, म्हणजे आधी धूसर आणि मग टप्प्याटप्प्याने स्पष्ट होणारा, जेपीजी निघाला, आणि ग्रबला साधा, बेसलाइन जेपीजीच कळतो. पीएनजी करून दिला तेव्हा कडा अवतरला. मात्र पांढऱ्या ढगांवर पांढरी अक्षरं! विंडोजची ओळ धुक्यात हरवली, ती बायकोला कुठून दिसणार?

मग थीम करायला घेतली. थीम.टीएक्सटी नावाच्या फाइलमध्ये मेनू डावीकडून किती टक्के, वरून किती टक्के, निवडलेल्या ओळीचा रंग कोणता, हे सगळं लिहायचं. फॉन्टसुद्धा आपला नेहमीचा चालत नाही. ग्रब-एमकेफॉन्टमधून काढून त्याचा पीएफ२, म्हणजे ग्रबला वाचता येणारा फॉन्ट, करावा लागतो. आणि मेनू बोटभर सरकवला तरी तो कसा दिसतो ते बघायला रीबूट. परत रीबूट. आईने काळजीने विचारलं, "अरे, सारखं बंद का करतोयस? तापलंय का?"

स्क्रीन 1366×768 ची. ग्रबला कोणते आकार जमतात ते बघायला मेनूत ‘सी’ दाबून ‘व्हिडिओइन्फो’ टाइप केलं, तर ग्रबच्या यादीत तो आकारच नाही. 1024×768 वर भागवलं, तर अक्षरं आडवी पसरून बाळसेदार झाली. मला तीच आवडली.

1995 साली एरिक बोलीनने ग्रब लिहिला तो जीएनयू हर्ड नावाची ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करता यावी म्हणून. हर्ड अजून घरोघरी पोचायचंय, ग्रब मात्र आमच्या डायनिंग टेबलापर्यंत येऊन कोकणकडा दाखवू लागला.

बायकोला बोलावलं. तिने बटण दाबलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. परतली तेव्हा समोर उबुंटू.

"हे असंच होतं," ती म्हणाली. "विंडोजचं अपडेट चालू असताना मशीन आपोआप रीस्टार्ट होतं, आणि मी येऊन बघते तर तुझं उघडलेलं. जे शेवटी उघडलं होतं तेच परत उघडेल असं नाही करता येत?"

येतं. त्याच /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब फाइलमध्ये ग्रब-डिफॉल्टला ‘सेव्ह्ड’ आणि ग्रब-सेव्हडिफॉल्टला ‘ट्रू’, दोन ओळींचं काम. तिच्यासमोरच केलं.

"आणि ते दहा सेकंद कशाला? शून्य कर."

"अगं, कडा दिसणार नाही!"

"कुठला कडा?"

बरीच घासाघीस होऊन तीन सेकंदांवर तोडगा निघाला.