ला ओरोया ‘नियमांनी’ बंद पडला?

रत्नागिरीच्या ताम्र प्रकल्पाचा विषय निघाला (१९९३ साली लोकांनी आंदोलन करून तो थांबवला), की एक संदेश हमखास पुढे येतो: ‘पेरूमधला ला ओरोयाचा शिसं-तांब्याचा कारखाना पर्यावरणवाल्यांनी बंद पाडला. आधुनिकीकरण चालूच होतं. धुराचं आम्ल केलं की प्रदूषण संपलंच असतं.’

पहिलं विधान सरळ चूक. भट्ट्या थंडावल्या जून २००९ मध्ये, पैसा आटला म्हणून. २००८ च्या मंदीत धातूंचे भाव कोसळले, बँकांनी खेळत्या भांडवलाचं कर्ज आखडलं, खाणवाल्यांनी माल देणं थांबवलं. नियमांचं म्हणाल तर १९९७ मध्ये डो रन कंपनीने कारखाना घेतला तेव्हा सुधारणांना दहा वर्षं मिळाली होती. २००६ मध्ये मुदत वाढली, २००९ मध्ये संसदेने आणखी तीस महिने दिले. इतकी सवलत आपल्याकडे पाणीपट्टीलाही मिळत नाही!

‘आधुनिकीकरण चालूच होतं’ हे अर्धं खरं. जस्त आणि शिशाच्या विभागांना आम्ल संयंत्रं (धुरातल्या सल्फर डायऑक्साइड वायूचं गंधकाम्ल करणारी यंत्रणा) मिळाली, तांब्याचं मात्र अर्धवट राहिलं. आणि खरा खर्च तिथेच असतो. जुन्या पद्धतीच्या भट्टीचा धूर विरळ, त्यात सल्फर डायऑक्साइड इतका कमी, की आम्ल संयंत्र त्यावर नीट चालत नाही. प्राणवायू देऊन धूर दाट करणारी नवी, बंदिस्त भट्टी बसवावी लागते. नुसतं मागे संयंत्र जोडून भागत नाही.

तिसरं विधान सगळ्यात घातक. आम्ल संयंत्र गंधक पकडतं. शिशाची धूळ गाळण-पिशव्यांत अडवायची असते, आणि तीही धुराड्याच्या वाटेने गेली तर. उघड्यावर पडलेला खनिज-चुरा, वितळलेल्या धातूचा रस ओतताना उठणारी वाफ, गळके सांधे, ट्रकची चाकं यांतून निघणारी धूळ जमिनीलगत फिरते. तिला १६७ मीटर उंच धुराड्याचा काय उपयोग? १९९९ च्या सरकारी तपासणीत तिथल्या मुलांच्या रक्तात शिसं सरासरी ३३.६ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर निघालं. तेव्हाची धोक्याची रेषा १० होती. रांगणाऱ्या पोराचा हात फरशीवरून थेट तोंडात जातो, हिशोब एवढाच. पुढे तर लहानग्यांना दिवसभर गावाबाहेर, कासाराक्राच्या बालवाडीत बसने नेऊ लागले. संध्याकाळी बस त्यांना परत त्याच अंगणात सोडायची.